ऐकू येणे कधी थांबले?

कॉक्लिअर इम्प्लान्ट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लहान मूल येते, यंत्र सुरू होताच आईच्या आवाजाने दचकणारे. पण हे उपकरण आधी आले ते मोठ्या माणसांसाठी. मेलबर्नच्या ग्रॅहम क्लार्क यांनी 1 ऑगस्ट 1978 रोजी आपले पहिले इम्प्लान्ट बसवले ते रॉड साँडर्स या अपघातात बहिरे झालेल्या प्रौढाला. मुलांसाठी अमेरिकेत परवानगी मिळायला 1990 उजाडले. आपल्या सरकारने हा क्रम उलटा केला. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेने इम्प्लान्टसाठी तरतूद केली, पण ती मुलांपुरती.

मुलांचा हक्क पहिला, यात वाद नाही. भाषा रुजायचे वय निघून गेले की परत येत नाही. आक्षेप आहे तो केवळ वयाच्या पट्टीला. पंचेचाळिशीत मेंदूज्वराने ऐकू येईनासे झालेला पुण्यातला कामगार घ्या. त्याच्या मेंदूत मराठी शाबूत आहे, फक्त कानाची वाट बंद झाली आहे. अशांना इम्प्लान्टचा लाभ बहुधा चांगला होतो. पण मेंदूज्वरानंतर अनेकदा अंतर्कर्णातल्या कॉक्लिआत हाड भरू लागते, मग इम्प्लान्टच्या तारेचे टोक आत सरकणे अवघड होते. पैसे जमवण्यात वर्ष गेले तर संधीच जाऊ शकते. सरकारी नोकरीतल्या काहींना खर्चाची भरपाई तरी मिळते. या कामगाराने काय करावे?

दुसरीकडे जन्मापासून ऐकू न येणारा, खुणांच्या भाषेत वाढलेला, नोकरी करणारा तिशीतला तरुण. लग्न जमावे म्हणून घरचे कर्ज काढायला निघतात. इतक्या उशिरा इम्प्लान्ट केल्यावर हॉर्न, दारावरची बेल कळू लागेल. पण केवळ कानाने बोलणे समजेल ही आशा बहुतेकदा फोल ठरते. कानात उरलेसुरले ऐकणेही शस्त्रक्रियेत जाऊ शकते. त्याला भाषा नाही असे समजणे हे घरच्यांचे अज्ञान. त्याची भाषा आहे. ती शिकायचे कष्ट घरच्यांनी घेतलेले नाहीत.

आणि खर्च शस्त्रक्रियेपाशी संपत नाही. मॅपिंगच्या, म्हणजे यंत्र जुळवून घेण्याच्या खेपा, केबल, बॅटऱ्या आणि काही वर्षांनी बाहेरून लावायचा नवा प्रोसेसर, तोही लाखांच्या घरातला. डोक्यात बसवलेल्या भागात लोहचुंबक असल्याने एमआरआयच्या वेळी प्रश्न उभा राहतो. पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात हेल्मेट चढवताना डोक्यावरची कॉइल निसटते, हे तर खरेदीच्या वेळी कोणाला सुचतही नाही. पावसाळ्यात प्रोसेसर रोज कोरड्या डबीत ठेवावा लागतो.

तेव्हा सही करण्यापूर्वी पुढच्या पंधरा वर्षांचा खर्च लेखी मागा. ज्याच्या डोक्यात यंत्र बसणार त्याला विचारा, त्याच्या भाषेत. लागल्यास दुभाषी बोलवा. त्याने नको म्हटले तर विषय तिथेच मिटवा. आणि सरकारने अर्जातल्या ‘वय’ या रकान्याशेजारी आणखी एक रकाना वाढवावा: ऐकू येणे कधी थांबले?