नाव झाकले, बौद्धवाडा उघडा

बलात्कारपीडितेचे नाव छापणे १९८३ पासून गुन्हा आहे. निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली बजावले की ओळख म्हणजे केवळ नाव नव्हे. जिच्यावरून ती ओळखू येईल अशी कोणतीही माहिती. मृत पीडितेलाही हे संरक्षण आहे. आणि कोर्टात आम्ही काय पाहतो? निकालपत्रात नावाऐवजी ‘पीडिता’, पुढच्याच ओळीत बापाचे नाव, गाव, बौद्धवाडा! वाड्यात घरे दहा. मग झाकले काय? अॅट्रॉसिटीच्या खटल्यात जात लिहावीच लागते, नाहीतर आरोपी सुटतो. ती राहू द्या. पण बापाचे नाव आणि गाव जाहीर प्रतीतून वगळण्याचा अर्ज सरकारी वकिलाने पहिल्याच तारखेला दिला पाहिजे. तो देत नसेल तर आपल्या वकिलांनी द्यावा. फी न घेता.