लसूणघासाची कापणी : दिवस मोजावेत की पीक पाहावे?

पश्चिम महाराष्ट्राच्या दुग्धपट्ट्यात लसूणघासाचे वेळापत्रक ठरून गेले आहे. पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पहिली कापणी ५५ ते ६० दिवसांनी आणि पुढील कापण्या दर २५ ते ३० दिवसांनी. शिफारस सोयीची आहे. परंतु पीक दिनदर्शिकेनुसार वाढत नाही, तापमानानुसार वाढते.

या पिकाच्या वाढीसाठी ५ अंश सेल्सिअस हे आधार-तापमान सामान्यतः धरले जाते. दिवसाचे सरासरी तापमान २० अंश असल्यास १५ उष्णता-एकके जमा होतात, ३० अंश असल्यास २५. म्हणजेच हिवाळ्यातील ३० दिवसांची उष्णता उन्हाळ्यात १८ दिवसांतच मिळते. पीक लवकर फुलते, पण खोड आखूड राहते व पाला कमी भरतो. अशा वेळी कापणी लांबल्यास पाने गळतात, तंतुमय भाग वाढतो आणि प्रथिने घटतात. मात्र घाईही महागात पडते. कापणीनंतर साधारण दोन आठवडे नवे फुटवे मुळांतील अन्नसाठ्यावर वाढतात; तो भरून येण्यापूर्वीच पुन्हा विळा चालल्यास राहुरीच्या आर. एल.-८८ सारखा बहुवर्षीय वाणही विरळ होतो.

म्हणून खूण पिकातच शोधावी. सुमारे १० टक्के फुलोरा ही एक खूण. थंडीत फुलोरा लांबतो, तेव्हा बुडाशी नवे कोंब दिसू लागताच कापणी करावी; ते उंच वाढले तर विळ्याखाली येतात. उन्हाळ्यात एखादी कापणी अधिक फुलोऱ्यापर्यंत लांबवून मुळांना उसंत द्यावी.

कापणीचा संबंध किडींशीही आहे. १९५९ मध्ये स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन यांनी एकात्मिक कीड नियंत्रणाची संकल्पना मांडली, तिच्यामागे कॅलिफोर्नियातील लसूणघासावरील माव्याचा अनुभव होता. कापणी जवळ आली असताना मावा वाढल्यास फवारणीऐवजी विळाच उचलावा. चाऱ्यावरील विषाचा अंश दुधात उतरू शकतो.

आपला शेतकरी रोज गरजेपुरतेच वाफे कापतो. ही रीत मागासलेली नव्हे. उरलेल्या वाफ्यांत ढालकिड्यांना आसरा मिळतो आणि ते नव्या फुटव्यांवर परततात. शिफारसपत्रिकेत दिवसांच्या आकड्याशेजारी फुलोरा, कोंब व तापमान यांनाही स्थान मिळायला हवे.