#थ्रेड : गाढवाचे डोके असलेला देव

रोममधील पॅलाटाइन टेकडीवर, शाही प्रासादाच्या परिसरातील एका इमारतीच्या गिलाव्यावर एक चित्र कोरलेले सापडले. क्रूसावर टांगलेला देह, त्याला डोके गाढवाचे. समोर हात उंचावून उभा असलेला एक माणूस. खाली ओबडधोबड ग्रीक अक्षरे : अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजतो आहे.

काळ साधारणतः इ.स. २००. क्रूसावरील ख्रिस्ताच्या ज्ञात चित्रांपैकी हे अगदी आरंभीचे, आणि ते भक्ताने नव्हे, टवाळाने काढलेले! शेजारच्या खोलीत निराळ्या हस्ताक्षरात दोनच लॅटिन शब्द आढळले : अलेक्सामेनोस, श्रद्धावंत. टवाळीला दिलेले हे उत्तर असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

श्रद्धेची टिंगल झाली की राजदंडाने ती बंद पाडावी, अन्यथा श्रद्धा दुबळी ठरते, असे आजही ठासून सांगितले जाते. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांचा इतिहास मात्र या म्हणण्याला साक्ष देत नाही.

इ.स. १९७ च्या सुमारास कार्थेजच्या टर्टुलियनने हीच टवाळी नोंदवली आहे. गाढवाचे कान, एका पायाला खूर, अंगावर टोगा, हातात पुस्तक, असे ‘ख्रिस्ती देवा’चे चित्र शहरात मिरवले गेले. ख्रिस्ती लोक ते पाहून हसले, असे तो लिहितो. पुढे तो हिशेबही चुकता करतो. गाढवाच्या कथेसाठी तो टॅसिटसला जबाबदार धरतो. आणि जेरुसलेमच्या मंदिरात पाँपेला एकही मूर्ती दिसली नाही, हे त्याच टॅसिटसचे वाक्य त्याच्यापुढे ठेवतो. शिवाय रोमन लोक तर एपोना देवीसह गाढवे-घोडी पूजतातच की! (टर्टुलियनची जीभ फारशी मवाळ कधीच नव्हती.)

पण हसणे म्हणजे अन्याय गिळणे नव्हे. त्याचा हा ग्रंथ रोमन अधिकाऱ्यांना उद्देशून आहे. केवळ ‘ख्रिस्ती’ या नावावरून शिक्षा देऊ नका, गुन्हा असेल तर चौकशी करा, ही त्यातील मागणी आहे. न्याय त्याने मागितला तो छळाबाबत. चित्राला त्याचे हसू पुरेसे होते.

केल्ससची टीका अधिक जिव्हारी लागणारी होती. येशू हा पँथेरा नावाच्या सैनिकाचा पुत्र; त्याचे अनुयायी म्हणजे लोकर विंचरणारे, चांभार आणि परीट, जे बायकामुलांना गाठून शिकवतात. इ.स. २४८ च्या सुमारास ओरिगेनने आठ भागांत उत्तर लिहिले. खोट्या साक्षीदारांपुढे ख्रिस्त गप्प राहिला, हे त्याने आरंभीच सांगितले. तरी लेखणी उचललीच. पँथेराची निंदाही त्याने लपवली नाही, प्रतिपक्षाची विधाने उद्धृत करीत खंडन केले. केल्ससचा मूळ ग्रंथ नष्ट झाला. आज त्याचा मोठा भाग वाचता येतो, तो ओरिगेनमुळेच.

मग सत्ता हाती आली, आणि पोर्फिरीच्या ग्रंथाची पाळी आली. हा केवळ टवाळ नव्हता, विद्वान होता. दानीएलचा ग्रंथ ही प्राचीन भविष्यवाणी नसून इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातील रचना आहे, असा त्याचा दावा होता. काँस्टंटाइनने त्याचा ग्रंथ जाळण्याचा हुकूम दिला; इ.स. ४४८ मध्ये पुन्हा तोच हुकूम निघाला. ग्रंथ गेला. युसेबियस, मेथोडियस आणि अपोलिनारिस यांनी कष्टाने लिहिलेली त्याची खंडनेही आज उपलब्ध नाहीत. दानीएलविषयीचा दावा जेरोमच्या भाष्यात, खंडनाच्या निमित्ताने, टिकून राहिला; आणि आजचे बहुतेक अभ्यासक त्या ग्रंथाचा काळ पोर्फिरीने सांगितला तोच मानतात.