ऑईल बंदीआधी बदला, आणि तास मोजून बदला



बंदी तोंडावर आली. १ जूनला ट्रॉलर जेटीला लागतील ते ३१ जुलैपर्यंत. जाळी दुरुस्त करायची, बोट वर काढायची, तळ घासायचा, रंग काढायचा, ही यादी प्रत्येक मालकाच्या डोक्यात तयार आहे. त्या यादीत इंजिन ऑईल मात्र सगळ्यात खाली असतं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, बोट पाण्यात उतरवायच्या आदल्या दिवशी, ऑईल बदललं की झालं, असा आपला रिवाज. आमचं स्पष्ट मत असं आहे की हा रिवाज उलटा आहे. ऑईल आता, मे महिन्यातच बदललं पाहिजे.

कारण सोपं आहे. अख्खा सीझन चाललेल्या ऑईलमध्ये काजळी असते, थोडं न जळलेलं डिझेल असतं, आणि जळण्यातून तयार झालेलं पाणी व आम्ल असतं. इंजिन रोज तापतं तोवर पाणी उडून जातं. पण तेच इंजिन दोन महिने पावसाळी हवेत थंड पडून राहिलं की त्याला आतून घाम येतो. पाणी आणि आम्ल दोन्ही बेअरिंगवर बसून राहतात आणि बेअरिंगचा मऊ धातू खातात. जुलैअखेर नवीन ऑईल घातलं तरी ते आधीच खाल्लेल्या बेअरिंगवर पडतं. मग ऑगस्टमध्ये, बांगडा लागायच्या वेळी, इंजिन बसलं की आपण नशिबाला दोष देतो.

म्हणून शेवटची फेरी मारून बोट जेटीला लागली की इंजिन गरम असतानाच जुनं ऑईल काढा. गरम ऑईल पातळ असतं, घाण घेऊन बाहेर येतं. बोटीत चेंबरखालचा नट खोलायला जागा नसते, तिथे हातपंपाने डिपस्टिकच्या नळीतून ओढून काढा. फिल्टर बदला. नवीन ऑईल घाला आणि दहा मिनिटं इंजिन चालवून बंद करा, म्हणजे स्वच्छ ऑईल सगळीकडे पोचेल. ऑगस्टमध्ये पुन्हा बदलायची गरज नाही. डिपस्टिक काढून पातळी बघा, ऑईल दुधासारखं झालेलं नाही ना ते बघा, आणि निघा. खर्च तेवढाच, फक्त तारीख दोन महिने अलीकडे आली.

"मेअखेर पैसे कुठे असतात?" हा प्रश्न आम्हाला माहीत आहे. खलाशांचा हिशेब चुकता करायचा असतो, त्यांना गावी जायचं असतं, मुलांच्या शाळेचा खर्च पुढे उभा असतो. म्हणून सोसायटीने बंदीआधीचं ऑईल उधारीवर द्यावं आणि पैसे ऑगस्टच्या पहिल्या विक्रीतून वळते करावेत, असा प्रस्ताव आम्ही येत्या बैठकीत ठेवणार आहोत. सभासदांनी येऊन मत द्यावं.

आता दुसरा मुद्दा, सीझन चालू असताना ऑईल किती दिवसांनी बदलायचं. जेटीवर विचारलं तर कोणी म्हणतो महिन्याने, कोणी म्हणतो दोन फेऱ्यांनी, कोणी म्हणतो काळं झालं की. आम्ही म्हणतो, इंजिन किती तास चाललं ते मोजा.

हिशेब करून बघा. आठ दिवस बाहेर राहणारा ट्रॉलर रोज १८ तास इंजिन चालवतो असं धरा. एका फेरीचे १४४ तास झाले. अशा तीन फेऱ्या महिन्यात झाल्या तर ४३२ तास. दुसरी बोट पहाटे जाऊन दुपारी परत येते, रोज ६ तास, महिन्यातले २४ दिवस. तिचे पूर्ण महिन्याचे १४४ तास, म्हणजे ट्रॉलरच्या एका फेरीएवढेच. आता दोघेही "महिन्याने" ऑईल बदलत असतील तर एक जण इंजिन मारतोय आणि दुसरा चांगलं ऑईल फेकून देतोय. बोटीच्या बहुतेक डिझेल इंजिनांच्या पुस्तकात २५० तासांच्या आसपासचा आकडा असतो, नव्या किंवा नुकत्याच बांधलेल्या इंजिनाला पहिला बदल त्याच्या बराच आधी. आपल्या इंजिनाच्या पुस्तकात जो आकडा असेल तो शेवटचा. पुस्तक हरवलं असेल तर इंजिनाच्या प्लेटचा फोटो घेऊन सोसायटीच्या ऑफिसात या, आम्ही शोधून देतो.

ट्रकवाल्या मित्राचं ऐकू नका. आपली बरीच इंजिनं मूळची ट्रकचीच आहेत हे खरं, पण ट्रक उतारावर मोकळा सुटतो, सिग्नलला थांबतो. ट्रॉलर जाळं ओढतो तेव्हा तासन् तास एकसारखा लोड असतो. त्यामुळे ट्रकच्या किलोमीटरचा हिशेब समुद्रात चालत नाही. तासांचा मीटर बसवून घ्या. नसेल तर वही ठेवा, इंजिन चालू केलं ती वेळ आणि बंद केलं ती वेळ, एवढंच लिहायचं.

जुने जाणते सांगतात की त्यांच्या वेळी ऑईल खूप लवकर बदलायचे. ते बरोबरच करत होते. तेव्हाच्या डिझेलमध्ये गंधक जास्त होतं, गंधक जळलं की आम्ल होतं आणि ऑईल लवकर मरायचं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, त्यात गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग आहे. आधीच्या बीएस-४ मध्ये ती ५० होती. म्हणजे आज पुस्तकातल्या आकड्याच्या निम्म्यावर घाबरून ऑईल काढायची गरज नाही. पण म्हणून "अजून एक फेरी जाऊ दे" हेही नको. काजळी, खारं पाणी आणि ऑईलमध्ये उतरणारं डिझेल हे तिघे अजून आपल्या बोटीवरच आहेत.

ऑईल काळं झालं म्हणजे खराब झालं, हा गैरसमज सोडा. डिझेल इंजिनात ऑईल थोड्याच तासांत काळं होतं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. बघायचं ते वेगळं. ऑईल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, कूलर किंवा हेड गॅस्केट तपासल्याशिवाय इंजिन चालू करू नका. नुसतं ऑईल बदलून ते थांबत नाही. डिपस्टिकवर पातळी चढत असेल तर "आमचं इंजिन ऑईल खात नाही" म्हणून खूश होऊ नका. डिझेल किंवा पाणी उतरतंय. वास घ्या, दोन बोटांत चोळून बघा. पातळ लागलं, डिझेलचा वास आला, तर मेकॅनिकला बोलवा.

कुठलं ऑईल घ्यायचं? डब्यावर दोन गोष्टी वाचा. एक जाडी, जसं १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५०. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत सुरू होण्याचा आहे, आपल्या गोव्यात त्याची फारशी चिंता नाही. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातल्या जाडीचा, तो महत्त्वाचा. दुसरी गोष्ट दर्जा, सीएफ-४, सीएच-४, सीआय-४ असं लिहिलेलं असतं. डिझेलच्या दर्जाचं अक्षर सी पासून सुरू होतं. नुसतं एसएन वगैरे लिहिलेलं असेल तर ते पेट्रोल गाडीचं, ते ट्रॉलरला नको. काही जुन्या इंजिनांना सरळ ४० नंबर सांगितलेला असतो, तिथे तोच घाला. सगळ्यात महाग सिंथेटिक ऑईल घालून तास दुप्पट करायचे, हा विचारही आम्हाला पटत नाही. पाणी शिरलं की महाग ऑईलही दुधाळच होतं. पुस्तकात सांगितलेलं साधं, अस्सल ऑईल वेळेवर बदलणं हेच परवडतं.

अस्सल हा शब्द मुद्दाम लिहिला. सुटं ऑईल स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका. सील बघून डबा घ्या आणि रिकामा झाला की त्याला भोक पाडून टाका, म्हणजे तो पुन्हा भरून कोणाला विकला जाणार नाही. बॅरल घेणाऱ्यांनी ते पावसात उभं ठेवू नये. वरच्या कडेत पाणी साचतं, आणि बॅरल गार-गरम होताना बुचातून ते पाणी आत ओढतं. बॅरल आडवं ठेवा, दोन्ही बुचं आतल्या तेलाच्या पातळीखाली राहतील असं.

आता होडीवाल्या भावांसाठी. टू-स्ट्रोक आउटबोर्डला टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं ऑईलच लागतं. स्कूटरचं टू-टी ऑईल हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, पाण्यावर थंड होणाऱ्या आउटबोर्डमध्ये ते राख सोडतं, प्लग जातात, रिंगा चिकटतात. प्रमाण ५० ला १ सांगितलं असेल तर लिटरमागे २० मिलिलिटर, मापाने. अंदाजाने "थोडं जास्तच बरं" करू नका आणि वाचवायला कमीही करू नका. फोर-स्ट्रोकला एफसी-डब्ल्यू लिहिलेलं ऑईल, पहिला बदल साधारण २० तासांनी, मग १०० तासांच्या आसपास. रोज तीन तास आणि महिन्यात २५ दिवस गेलात तर १०० तास चाळीसेक दिवसांत होतात, वर्षाने नव्हे. आणि खालच्या गिअरचं ऑईल विसरू नका. पंख्याच्या शाफ्टला नायलॉनची तार गुंडाळली की सील कापलं जातं आणि पाणी आत जातं. पंखा काढून बघायला थोडा वेळ लागतो, गिअर बदलायला सीझन जातो.

शेवटी पैशाचं बोलू. हिशेबासाठी आकडे धरा. चेंबरला २० लिटर, लिटरला ३०० रुपये, म्हणजे ६,००० रुपये, फिल्टर १,५०० रुपये. एकूण ७,५०० रुपये २५० तासांना, म्हणजे तासाला ३० रुपये. तेच इंजिन तासाला १५ लिटर डिझेल खात असेल तर ९० रुपयांच्या भावाने १,३५० रुपये दर तासाला जळतात. ऑईल ३५० तासांपर्यंत ओढलं तर वाचतात तासाला नऊ रुपयांपेक्षा कमी. तेवढ्यासाठी इंजिन पणाला लावायचं का?

ऑईल वेळेवर बदललं जात नाही त्यात तांडेलाचा दोष कमी असतो. "अजून एक फेरी मारून या" हे जेटीवरून सांगणारा मालक असतो. किनाऱ्यापासून दूर, रात्री इंजिन बसलं तर बोटीत मालक नसतो, तांडेल आणि खलाशी असतात. ती बोट दुसऱ्या बोटीने ओढून आणावी लागते, बर्फ वितळतो, नुस्तं जातं, आणि इंजिन बांधायला घरातलं सोनं गहाण पडतं. म्हणून आम्ही सुचवतो की बोटीच्या वाट्यातून दर फेरीला तासामागे ३० रुपये, किंवा आपल्या इंजिनाचा जो आकडा येईल तो, बाजूला काढा. तासांची वही बोटीवर, आणि तिची नक्कल घरी, घरच्या बाईच्या हातात. बाजारात नुस्तं विकून घराचा हिशेब तीच ठेवते. २५० तास झाले हे तिने सांगितलं तर "अजून एक फेरी" म्हणणं कोणालाही जड जाईल.

आणि काढलेलं ऑईल नदीत नको. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑईल हा घातक कचरा आहे, ते परवानाधारकालाच द्यावं लागतं. पण नियम बाजूला ठेवला तरी, मांडवी काय, साळ काय, शापोरा काय, त्याच पाण्यात तिसऱ्या आणि कालवं होतात, तिथेच मासळीची पिल्लं वाढतात. जेटीवर वापरलेल्या ऑईलचं बॅरल ठेवायचा विषयही आम्ही बैठकीत घेणार आहोत. तोपर्यंत रिकाम्या डब्यात भरून, झाकण लावून ठेवा.

काही जण म्हणतील, सोसायटीला ऑईल विकायचं आहे म्हणून हे लिहिलं. तर ऑईल कुठूनही घ्या, अस्सल घ्या. आम्हाला एवढंच हवं आहे की ऑगस्टमध्ये आपली एकही बोट दोरीला बांधून परत आणायची वेळ येऊ नये. दसऱ्याला आपण इंजिनाला झेंडूची माळ घालतो, नारळ फोडतो. मेअखेरचा ऑईलचा डबा हीसुद्धा त्याचीच पूजा समजा.

बैठकीला या. इंजिनाची तासांची वही असेल तर सोबत आणा, नसेल तर ऑफिसातून कोरी घेऊन जा.



सचिव, आपल्या संस्थेच्या वतीने