एमआरमध्ये एक ‘एम’ कमी आहे

लस टोचली की पुरुष नामर्द होतो, ही अफवा कोरोनासोबत आली असं वाटत असेल तर तो गैरसमज आहे. १९०२-०३ मध्ये पंजाबात प्लेगची लस टोचायला सरकारी माणसं गावोगाव फिरत होती, तेव्हाही लोक हेच बोलत होते. सुई गजभर लांब असते, टोचलं की पुरुषाची मर्दानगी जाते, बाई वांझ होते. पुढे पोलिओच्या थेंबांवरून पश्चिम उत्तर प्रदेशात हेच. २००३ मध्ये नायजेरियातल्या कानो राज्याने याच भीतीपोटी पोलिओचे डोस महिनोन्‌महिने बंद ठेवले आणि तिथला विषाणू इतर देशांत जाऊन पोचला. ३ जानेवारी २०२१ ला आपल्या औषध महानियंत्रकांनाही जाहीरपणे सांगावं लागलं, की कोरोनाच्या लशीने कुणी नपुंसक होत नाही, ही निव्वळ बकवास आहे. जवळपास एकशेवीस वर्षांत रोग बदलले, लशी बदलल्या. फॉरवर्डचा मजकूर मात्र कुणी एडिटसुद्धा केला नाही.

आमच्या यावल तालुक्यात त्या वर्षीच्या उन्हाळ्यात चौकाचौकांत ऐकू यायचं, ‘लग्न व्हायचंय भो अजून, कशाला रिस्क घ्यायची?’ बोलणाऱ्याच्या तोंडात बऱ्याचदा तंबाखूचा बार भरलेला असायचा. तंबाखूने शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही घटतात, पण त्याचं फॉरवर्ड कुणी करत नाही. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२२ मध्ये, शेजारच्या रावेर तालुक्यात चिनावलला लम्पीच्या त्या वर्षीच्या साथीची राज्यातली पहिली नोंद झाली आणि गोठ्यागोठ्यांत धावपळ उडाली. गुरांना लस मिळावी म्हणून लोकांनी पशुवैद्यकीय दवाखान्यात खेटे घातले. लशीने वळूचं काय होईल, असं विचारताना मी कुणाला ऐकलं नाही. (बैलाच्या बाबतीत तो प्रश्न आधीच निकालात निघालेला असतो.)

पण नुसतं हसून विषय सुटत नाही. सरकारी सुई आणि पुरुषाची ती जागा यांची सांगड लोकांच्या डोक्यात घट्ट बसली, त्याला सरकार स्वतः जबाबदार आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यातल्या साठ लाखांच्या वर पुरुषांच्या. शाळामास्तरांनाही माणसं आणायचं टार्गेट होतं. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून आपण वाचलो. शहा आयोगाच्या अहवालात नसबंदीनंतरच्या १,७७४ मृत्यूंची नोंद आहे, आणि अविवाहितांची नसबंदी केल्याच्या ५४८ तक्रारींची. अविवाहितांची! म्हणजे ‘लग्न व्हायचंय अजून’ ही भीती आभाळातून पडलेली नाही. आजोबांच्या पिढीने ती डोळ्यांनी पाहिली, नातवाला ती व्हॉट्सअॅपवर मिळाली.

त्या धक्क्यानंतर पुरुषांनी नसबंदीतून अंगच काढून घेतलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं दिसतं, आणि नवऱ्याचं ऑपरेशन झालेल्या फक्त ०.३ टक्के. घाबरला पुरुष, टाके पडले बाईच्या पोटावर.

आता अफवेकडे. तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात. ताठरता न येणं वेगळं आणि वीर्यात शुक्राणू कमी असणं वेगळं. पहिली गोष्ट माणसाला स्वतःला कळते, दुसरी तपासणीशिवाय कळत नाही. जून २०२१ मध्ये मायामी विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ४५ तरुणांचं वीर्य लशीआधी आणि दोन डोसनंतर तपासलं. शुक्राणू घटले नव्हते. इस्राएलमध्ये वीर्यदात्यांच्या तपासणीत काही आठवडे संख्या थोडी उतरलेली दिसली आणि नंतर पूर्ववत झाली. तापानेही असंच होतं. बॉस्टन विद्यापीठाने मूल हवं असलेल्या दोन हजारांहून जास्त जोडप्यांचा पाठपुरावा केला. लशीने फरक पडला नाही. पुरुषाला कोरोना होऊन गेला असेल तर मात्र पुढचे दोनेक महिने गर्भ राहण्याची शक्यता कमी दिसली. हे सगळे अभ्यास मुख्यतः फायझर आणि मॉडर्नाच्या लशींवरचे आहेत, आणि आपल्याला टोचली ती बहुतांशी कोव्हिशील्ड, हेही सांगायला हवं.

तरी एक गोष्ट केळीवाल्यांना सांगतो. केळीच्या मुळांना सूत्रकृमी लागतो, हे यावल-रावेरच्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. त्या सूत्रकृमीवर डीबीसीपी नावाचं औषध अमेरिकेत बनायचं. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉपच्या कारखान्यातले कामगार आपसात बोलता बोलता एका गोष्टीवर येऊन थांबले: आपल्यापैकी कुणालाच मूल का होत नाही? तपासणी झाली. कित्येकांच्या वीर्यात शुक्राणू शून्य. १९७९ मध्ये अमेरिकेने तिथल्या जवळपास सगळ्या वापरावर बंदी आणली, पण मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांत ते औषध जात राहिलं आणि हजारो मजूर पुढे कोर्टात उभे राहिले. पुरुषाला वांझ करणारी गोष्ट असते तेव्हा ती अशी दिसते. एका कारखान्यातल्या मूठभर माणसांच्या गप्पांतून बाहेर येते. कोरोना लशीचे आपल्या देशात २२० कोटींवर डोस दिले गेले. बारशी थांबली का, ते तुमच्या गावातल्या अंगणवाडीताईंना विचारा.

मला खरा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. पुरुषाच्या बीजावर खरोखर घाव घालणारा एक विषाणू आपल्यात मोकाट फिरतो आहे. त्यावर लस आहे, आणि तिच्यासाठी कुणी भांडत नाही.

गालगुंड. आपल्याकडे याला कुणी रोग मानतच नाही. पोराचे गाल फुगतात, भावंडं हसतात, कसला तरी लेप लावतात, आठवड्याभरात उतरतं. लहानपणी झालं तर बहुतेक वेळा खरंच एवढंच होतं. वयात आल्यावर झालं तर गोष्ट वेगळी. लस न घेतलेल्या अशा शंभर जणांपैकी पंधरा ते तीस जणांचं अंड सुजतं, बहुधा गाल सुजल्यावर आठवड्याभरात. ताप, असह्य दुखणं. सुजलेल्या अंडांपैकी जवळपास निम्मी पुढे आकसतात. सूज बहुतेकांना एकाच बाजूला येते, म्हणून पूर्ण वंध्यत्व क्वचितच येतं, पण शुक्राणू घटतात. आणि मूल होत नाही म्हणून तपासणीला आधी पाठवली जाते बायको.

मॉरिस हिलमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये स्वतःच्या आजारी मुलीच्या, जेरिल लिनच्या, घशातून हा विषाणू घेतला आणि त्यापासून लस बनवली. १९६७ ला ती मंजूर झाली, १९७१ ला गोवर आणि रुबेलाच्या लशींसोबत एकाच सुईत आली. हीच एमएमआर. शंभराहून जास्त देश गालगुंडाची लस सरकारी कार्यक्रमात देतात. आपल्या पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट एमएमआर बनवते. आणि यावलच्या सरकारी दवाखान्यात बाळाला काय मिळतं? एमआर. गोवर आणि रुबेला. मधला एम, म्हणजे मम्प्स, म्हणजे गालगुंड, गायब.

२७ नोव्हेंबर २०१८ आठवतो का? राज्यभर शाळाशाळांत एमआरची मोहीम सुरू झाली होती. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतची मुलं. हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण त्या रांगेत होते. सुई टोचलीच होती, रडारड झालीच होती, पालकांच्या मनातली शंका शिक्षकांनी घरोघरी जाऊन काढलीच होती. त्याच टोचणीत तिसरी लस बसली असती.

सरकारी युक्तिवाद असा की गालगुंडाने माणसं मरत नाहीत, पैसा मरणाऱ्या रोगांवर आधी खर्च व्हावा. गरीब देशात हे म्हणणं सहज उडवून लावता येत नाही, मान्य. पण आज जे चाललंय ते त्याहून वाईट आहे. जळगावच्या खासगी बालरोगतज्ज्ञाकडे जाणाऱ्याच्या मुलाला एमएमआर मिळते, कारण बालरोगतज्ज्ञांची संघटना तीच द्यायला सांगते. सातपुड्याच्या पाड्यावरच्या पावरा-तडवी मुलाला मिळत नाही. अशी अर्धवट लस दिली की लहान मुलांत विषाणू कमी फिरतो, आणि ज्याला लस नाही तो बालपणी सुटून ऐन वयात आल्यावर गाठला जाण्याची शक्यता वाढते. म्हणजे नेमकं ज्या वयात अंड सुजतं, त्या वयात. २०२४ च्या सुरुवातीला केरळात गालगुंडाचे हजारो रुग्ण निघाले, महाराष्ट्रातही वाढले. तेव्हा तरी विधानसभेत हा प्रश्न गाजायला हवा होता. मर्दानगीच्या नावाने मतं मागणाऱ्यांना पोरांच्या अंडाची काळजी असती तर!

तोवर आपल्या हातात आहे तेवढं करा. आईला विचारा, गालगुंड होऊन गेलं का, आणि लसीकरणाचं कार्ड शोधा. कार्डावर एमएमआर नसेल तर मोठेपणीही घेता येते, फक्त प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार किंवा औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. अंड अचानक सुजलं, दुखायला लागलं, तर लाजून दोन दिवस घालवू नका. गालगुंड नसेल तर आत पीळ पडलेला असू शकतो, आणि तो साधारण सहा तासांत सोडवला नाही तर अंड हातचं जातं. लशीचे डोस दोन, मध्ये किमान चार आठवडे.