पडद्यावरचा गडू

एरवी या सदरात आपण भांडी लखलखीत करतो, बरण्यांना ऊन दाखवतो, डब्यांतल्या मुंग्या घालवतो. आजही भांड्यांबद्दलच लिहिणार आहे, पण सिनेमातल्या.

मागच्या रविवारी आमच्या घरी सगळ्यांनी मिळून ‘पथेर पांचाली’ पाहिला. सत्यजित राय यांचा १९५५ सालचा बंगाली चित्रपट. "फार रडका आहे हं," असं ह्यांनी आधीच बजावलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "असू दे. भराभर पळणारे सिनेमे मला कळतच नाहीत." बंगाली आमच्यात कुणालाच येत नाही. खाली इंग्रजी ओळी येतात, त्या मी सासूबाईंना वाचून दाखवायच्या असं ठरलं होतं. पण अर्ध्या तासानं मी वाचायची थांबले आणि त्यांचं काहीएक अडलं नाही! त्या माणसांच्या तोंडाकडे नव्हे, हातांकडे पाहत होत्या. कोण काय उचलतं, कुठं ठेवतं, कुणापासून लपवतं.

गोष्ट तशी लहानशी. खेड्यातला गरीब भटजी हरिहर, त्याची बायको सर्वजया, मुलगी दुर्गा, धाकटा अपू आणि हरिहरची लांबची म्हातारी बहीण इंदिर. घर इतकं मोडकळीला आलेलं, की पोपडे कुठं संपतात आणि भिंत कुठं सुरू होते ते कळू नये. कलादिग्दर्शक होते बन्सी चंद्रगुप्त. कोलकात्याजवळच्या बोराल गावात एक पडकं घर मिळालं, तिथं दिवसाचं चित्रण झालं. रात्रीचे घरातले प्रसंग मात्र स्टुडिओत घेतलेले. यातलं कुठलं खरं नि कुठलं उभं केलेलं, हे मी पुन्हा मागे नेऊन पाहिलं तरी मला ओळखता आलं नाही. राय मुळात चित्रकार. या कादंबरीच्या मुलांसाठी काढलेल्या आवृत्तीला त्यांचीच चित्रं होती. वस्तूंवर त्यांची नजर अशी का ठरते, ते त्यावरून ध्यानात येतं.

हरिहर कमाईसाठी बाहेरगावी जातो. महिने जातात, पैसे येत नाहीत. सर्वजया घरातली भांडी गुपचूप विकून तांदूळ आणते. यावर कुणी भाषण ठोकत नाही. आपल्या हिंदी सिनेमात इथं देवाच्या मूर्तीपुढे निदान एक गाणं झालं असतं! इथं नुसती चोरट्या पावलांनी चाललेली बाई दिसते. तांदळाच्या डब्याचा तळ ज्यांनी कधी पाहिला आहे, त्यांना आणखी काय सांगायचं?

दुर्गा पावसात चिंब भिजते, तापानं फणफणते आणि एका वादळी रात्री जाते. सर्वजया दार दाबून धरते, कोनाड्यातला छोटा गणपती वाऱ्यानं हलतो. पुढं एका सकाळी अपू एकटाच आपला भांग पाडतो, जो आजवर ताई पाडून द्यायची. तेलाची बाटली घेऊन दुकानाकडे निघतो, आभाळाकडे पाहतो, परत फिरतो आणि छत्री घेऊन जातो. एवढंच. ते पोर किती मोठं झालं, हे त्या छत्रीनं सांगितलं.

मग हरिहर परततो. त्याला काही ठाऊक नाही. ती त्याला पाणी देते, बोलत नाही. तो हौसेनं एकेक वस्तू काढून दाखवतो : पोळपाट-लाटणं, लक्ष्मीची तसबीर आणि दुर्गासाठी साडी. ती साडी हातात आल्यावर मात्र सर्वजयाचा बांध फुटतो. करुणा बॅनर्जींचं तोंड उघडं दिसतं, पण रडणं ऐकू येत नाही, त्या जागी तारशहनाई वाजते. मला मात्र पोळपाट-लाटण्यानं आधीच रडवलं होतं. इतक्या महिन्यांनी घरी येणाऱ्या माणसानं तिच्या रोजच्या कामाची आठवण ठेवली होती, आणि ती त्याच्याकडे पाहतसुद्धा नव्हती.

पण ज्यासाठी आज लिहायला बसले तो प्रसंग याच्या पुष्कळ आधीचा आहे. म्हातारी इंदिर (चुनीबाला देवींनी केलेली, आणि काम केलं आहे असं कुठंच वाटत नाही) आजारी होऊन परत येते. सर्वजया तिला ठेवून घेत नाही. म्हातारी पाणी पिते, उरलेलं आपल्या रोपट्याला घालते आणि जाते. पुढं बांबूच्या बनात मुलांना ती बसल्या जागी मेलेली सापडते. तिचा पितळी गडू घरंगळत उताराखाली जातो आणि पाण्यात पडतो.

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "तो गडू कुणीतरी काढायला हवा होता गं."

गेल्या दिवाळीच्या आधी त्या माझ्या नणंदेकडे महिनाभर राहायला गेल्या होत्या. मी माळा आवरला, पितळेची सगळी मोड एका खेपेत दिली आणि मोठा कुकर आणला. त्या मोडीत त्यांच्या माहेरचा गडू होता, तळाला त्यांच्या वडिलांचं नाव घातलेला. आल्यावर त्यांनी विचारलं होतं, "माझा गडू दिसत नाही?" मी म्हटलं, "असेल माळ्यावर." पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. तेव्हापासून त्या स्टीलच्या पेल्यातून पाणी पितात.

सिनेमा संपल्यावर रात्री मी त्यांच्या खोलीत गेले आणि सांगून टाकलं.

"माहीत आहे," त्या पांघरुणाची घडी उलगडत म्हणाल्या. "मी तेव्हाच धाकट्याला माळ्यावर चढवून पाहिलं होतं."