गोळी बदलली, सांगायचे कोणाला?

पाथरीसारख्या तालुक्याच्या गावातील रक्तदाबाचा वा मधुमेहाचा रुग्ण मोठ्या तपासणीसाठी परभणीला जातो. दुखणे गुंतागुंतीचे असेल तर छत्रपती संभाजीनगर गाठतो. तेथे जुनी गोळी बदलून नवी लिहून दिली जाते आणि संध्याकाळच्या एसटीने रुग्ण घरी परततो. चार दिवसांनी घोट्यांवर सूज दिसू लागते, कोरडा खोकला सुरू होतो, नाहीतर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. आता विचारायचे कोणाला? डॉक्टर दूर, पुढची तारीख महिन्यानंतरची. मग घरातच निर्णय होतो: गोळी बंद! डॉक्टरसाहेब रागावतील या भीतीने ही गोष्ट पुढच्या भेटीतही लपवली जाते. रक्तदाब वाढलेला दिसतो आणि रुग्ण गोळी नियमित घेत आहे असे समजून डॉक्टर मात्रा वाढवतात. औषधापेक्षा हे मौनच अनेकदा अधिक घातक ठरते.

वास्तविक यातील बहुतेक तक्रारी वैद्यकशास्त्राला चांगल्या परिचयाच्या आहेत. ॲम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात. एनालाप्रिल, रामिप्रिल यांनी कोरडा खोकला येऊ शकतो. त्याला टेल्मिसार्टनसारखे पर्याय आहेत. मेटफॉर्मिनने सुरुवातीला मळमळ व जुलाब होतात. गोळी जेवणासोबत घेतल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनने लघवी लालसर होते. ती निरुपद्रवी असते; परंतु हे आधी कोणी सांगितले नसेल तर रुग्ण घाबरून उपचारच सोडतो. डोळे व लघवी पिवळी होणे, अन्नावरची वासना उडणे ही मात्र यकृतावरील परिणामाची लक्षणे. ती दिसताच त्याच दिवशी दवाखाना गाठला पाहिजे.

आपल्या घरांतील उपवासांचा विचार तर फारच थोडे डॉक्टर आपणहून करतात. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी सकाळी घेऊन एकादशीला दिवसभर पाण्यावर राहिल्यास दुपारी दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. घरचे म्हणतात, वयामुळे उपवास सोसला नाही. प्रत्यक्षात रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरलेली असते आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याला तत्काळ साखरपाणी द्यावे लागते. औषध बदलताना ‘मी उपवास करतो’ हे एक वाक्य सांगितले असते, तर हा प्रसंग टळला असता.

दुसरा घोटाळा नावांचा. एकाच औषधाची बाजारात अनेक नावे असतात. नवी पट्टी आली तरी जुनी ‘वाया जाऊ नये’ म्हणून सुरूच राहते आणि एकच औषध दुप्पट पोटात जाते. दोन्ही पट्ट्या औषध दुकानदाराला दाखवून त्यांवरील मूळ औषधाचे नाव विचारावे. तसेच मेटोप्रोलॉल, फिट्सची औषधे, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स ही एकाएकी बंद करणे दुष्परिणामापेक्षाही धोक्याचे असते. चेहरा वा ओठ सुजणे, धाप लागणे, अंगावर व तोंडात फोड येणे अशा वेळी मात्र पुढचा डोस न घेता तडक रुग्णालयात जावे.

त्रास डॉक्टरांच्या कानावर घालूनही काम संपत नाही. दुष्परिणामांची नोंद ठेवण्यासाठी जुलै २०१० मध्ये भारतात राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रम सुरू झाला. २०११ पासून गाझियाबादची भारतीय औषधसंहिता आयोग ही संस्था तो चालवते. रुग्णाला स्वतः तक्रार नोंदवता येते, त्याचा अर्ज मराठीतही उपलब्ध आहे आणि १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. औषधानेच त्रास झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी रुग्णावर नाही. संशय पुरेसा आहे. तरीही किती सुशिक्षित घरांना हे ठाऊक आहे? जून २०१३ मध्ये मधुमेहावरील पायोग्लिटाझोनच्या विक्रीवर केंद्राने बंदी घातली आणि जुलैअखेर इशाऱ्यासह ती उठवली. भारतीय रुग्णांवरील पुरेशी माहिती कोठे आहे, हा त्या वादातील कळीचा प्रश्न होता. नोंदीच झाल्या नाहीत, तर माहिती येणार कोठून?

येथे एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. ॲलोपॅथीच्या दुष्परिणामांवर तावातावाने बोलणारी मंडळी ‘आयुर्वेदाला साइड इफेक्ट नाही’ असे सहज म्हणून जातात. चरकसंहितेचे मत तसे नाही. नीट योजलेले तीक्ष्ण विषही उत्तम औषध होते आणि चुकीचे योजलेले औषध विषासमान ठरते, असे तिच्या सूत्रस्थानात स्पष्ट सांगितले आहे. आयुष मंत्रालयानेही या औषधांसाठी स्वतंत्र दक्षता योजना चालवली आहे. नव्या गोळीसोबत घरी कोणता काढा वा चूर्ण सुरू आहे, हेही म्हणूनच डॉक्टरांना कळले पाहिजे.

गावोगावी आरोग्य शिबिरे भरतात, रक्तदाब मोजला जातो, गोळ्या वाटल्या जातात. आठ-दहा दिवसांनी त्याच घरी जाऊन ‘नव्या गोळीने काही त्रास झाला का?’ असे विचारणारा कार्यकर्ता मात्र विरळा. त्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. एक वही पुरते: गोळीचे नाव, सुरू केल्याची तारीख, त्रास कधी व कसा झाला, सोबत आणखी कोणती औषधे चालू आहेत. पाथरीतील रुग्ण ही वही घेऊन परभणीच्या डॉक्टरांसमोर बसला, तर त्या दोन-पाच मिनिटांतही योग्य निर्णय होऊ शकतो.